तिसऱ्या परिच्छेदात

दहावी ब. जेवणानंतरचा तास.
पाठ्यपुस्तकातल्या दीपगृहाचा राखणदार
शेवटून दुसऱ्या पानावर मरतो,
आणि ते मोठ्याने वाचताना माझा आवाज दरवर्षी
त्याच स्वल्पविरामापाशी अडखळतो.

"टीचर, तो खरंच होता?"
मितिक्षा चोडणकर. खिडकीकडचा बाक.
नव्हता, म्हटलं. फिक्शन आहे.
"मग तुम्ही थांबलात का?"

फळ्यावर मी कॅरेक्टर लिहिलं, सेटिंग लिहिलं,
कॉन्फ्लिक्टला एक एफ जास्तच दिला
आणि उत्तर टाळून गृहपाठ दिला:
तीनशे शब्द. इंग्रजीत.
पूर्णपणे खोटं लिहा.

सव्वीस वह्या आल्या.
लंडनमध्ये अकरा वेळा बर्फ पडला होता,
सात जण शेवटच्या ओळीत स्वप्नातून जागे झाले होते,
वेल्रॉयच्या कथेत एक डुक्कर वकील होता
(ती मला आवडली, पण ते नंतर)
आणि मितिक्षाच्या वहीत
तिचा बाप, नार्वे-दिवाडी फेरीबोटीवरचा खलाशी,
दोर फेकताना घसरून
तिसऱ्या परिच्छेदात बुडाला होता.
भूतकाळ अचूक. लाल पेनाला कुठे जागाच नाही.

हेडमास्तरांनी वही दोनदा वाचली.
म्हणाले, घरी काहीतरी बिनसलंय,
बोलावून घ्या कोणाला तरी.

तोच आला, ड्युटी संपवून.
शर्टावर ग्रीस, पायांत रबरी चपला.
स्टाफरूमच्या दाराशी उभं राहून म्हणाला,
"टीचर, हांव मेलां खंय?"

इंग्रजी त्याला येत नव्हतं.
मी वाक्यागणिक त्याला त्याच्या भाषेत सांगत गेले:
शेवाळलेला रॅम्प, डिझेलचा वास,
कुणा स्कूटरवाल्याची घाई, हातातून सुटलेला दोर.
तो मान तिरकी करून ऐकत होता,
इंजिनाचा ठोका चुकला की ऐकत असेल तसा.

मग म्हणाला, "तिथे नाही बुडणार.
सुकतीला तिथे कंबरभर पाणी, उभा राहीन मी.
मारायचंच असेल तर दिवाडीच्या अंगाला मारा,
खाजनाच्या मानशीपाशी, भरती फिरताना.
तिथे पाणी खालून ओढतं."

आणि जरा थांबून,
"दोर कोणी बांधला मग?
बोटीत माणसं होती ना? ती कुठे गेली?
मी पडलो, इथवर ठीक. बोट तशीच सोडली हिने."

मितिक्षा भिंतीला टेकून
नखाने चुना खरवडत होती.
का लिहिलंस, हे त्याने विचारलं नाही.
मला विचारायचं होतं,
पण तेवढ्यात तिने माझ्याकडे पेन मागितलं.

दुसरा खर्डा सोमवारी आला.
त्यातही तो मरतो.
जागा बदललेली, भरतीची वेळ बरोबर,
पण पाय घसरण्याआधी
दोर खुंट्याला दोन वेढे बसलेला असतो
आणि बोटीतली चौदा माणसं
भाजीच्या पिशव्यांसकट उतरून घरी जातात,
कोणालाच काही न कळता.
एकीच्या पिशवीतून एक लिंबू रॅम्पवर घरंगळतं.
एवढंच. पूर्णविराम.

मार्क मी अजून घातलेले नाहीत.
दहापैकी किती, हे मला ठरवता येत नाही,
आणि ते लिंबू तिने कुठून आणलं, हेही.

मी दिवाडीला राहते. त्या संध्याकाळी
बोट आमच्या धक्क्याला लागत होती,
मानस उजव्या हाताला, पाणी फिरू लागलेलं.
तो पुढे झाला, दोर उचलला.
मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत राहिले,
घशात तोच स्वल्पविराम.

दोराचा आवाज आला.
वर पाहिलं, तर खुंट्याला दोन वेढे.
त्याने माझ्याकडे एकदा बघितलं
आणि तिसरा घातला.